आडवी बेरीज, उभी बेरीज: एका २-३ निकालाचं प्रकरण

रात्री पावणेबाराला फोन वाजला तेव्हा मी जागाच होतो. आमच्या क्लबची मुलगी परदेशात एका आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेत ५७ किलो गटाची उपांत्य लढत खेळली होती आणि ती मी मोबाइलवर अडखळत अडखळत पाहिली होती. फोन तिच्या वडिलांचा होता. आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, दुसरा राउंड आपला. तिसरा राउंड आपला. तीनातले दोन आपले. मग पोरगी हरली कशी?"

"स्प्लिट निकाल आहे दादा, होतं असं," मी म्हणालो. स्प्लिट म्हणजे गुण देणाऱ्यांची मतं फुटलेली. वडील "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पण ते उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला आम्हाला पुढे पाच रविवार लागले. ते सगळं इथे मांडतो आहे, कारण हाच प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक बॉक्सिंग हॉलमध्ये प्रत्येक स्पर्धेनंतर निघतो आणि बहुतेक वेळा "लुटलं आपल्याला" या एका वाक्यात मिटवला जातो. मुलीचं आणि स्पर्धेचं नाव मी लिहिणार नाही. ती अजून शिकते आहे आणि तिच्यापुढे बऱ्याच लढती आहेत.

एक शब्दाचा खुलासा आधीच करतो. वर्तमानपत्रात पंच म्हणजे निर्णय देणारा, आमच्या हॉलमध्ये पंच म्हणजे ठोसा. घोटाळा नको म्हणून इथे रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्याला जज, रिंगच्या आत असणाऱ्याला रेफ्री आणि ठोशाला ठोसाच म्हणतो.

कागदावरचा निकाल

लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. पाच जज. प्रत्येक फेरीत जो वरचढ त्याला १०, दुसऱ्याला बहुतेक वेळा ९. एकाने फेरीवर स्पष्ट पकड ठेवली तर १०-८, दुसऱ्याला अगदी निष्प्रभ करून टाकलं तर १०-७. प्रत्येक जज स्वतंत्रपणे गुण देतो, फेरी संपताच काही सेकंदांत. शेजारच्या जजने काय दिलं ते त्याला माहीत नसतं. या स्पर्धेत दर फेरीनंतर पाचही जजांचे गुण पडद्यावर येत होते. आमच्या मुलीचे गुण आधी लिहिले, तर पाच कार्डं अशी होती:

पहिला जज: ९-१०, १०-९, १०-९. एकूण २९-२८.
दुसरा जज: ९-१०, १०-९, १०-९. एकूण २९-२८.
तिसरा जज: ९-१०, १०-९, ९-१०. एकूण २८-२९.
चौथा जज: ९-१०, १०-९, ९-१०. एकूण २८-२९.
पाचवा जज: ९-१०, ९-१०, १०-९. एकूण २८-२९.

पहिली फेरी पाचही जजांनी समोरच्या मुलीला दिली. दुसरी चौघांनी आपल्या मुलीला दिली, तिसरी तिघांनी. वडील जे म्हणत होते ते यातून सरळ दिसतं: ०-५, ४-१, ३-२. तीनपैकी दोन फेऱ्यांत जास्त जज आपल्या बाजूने. तरीही लढत २-३ अशी गेली.

ती कांस्यपदक घेऊन परतली. बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या क्रमांकाची वेगळी लढत नसते, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळतं. लोहगाव विमानतळावर क्लबची सगळी पोरं गेली होती, गल्लीत फ्लेक्स लागला होता. ती सगळ्यांच्या पाया पडली, फोटोंना उभी राहिली. घरी जाताना गाडीत मात्र तिने पदक गळ्यातून काढून सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकलं आणि चेन लावली. मी शेजारी बसलो होतो. काही बोललो नाही.

दिवाणजींची वही

तिचे वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दिवाणजी आहेत. पहाटेपासून वहीत पट्टी, तोलाई, हमाली, उचल हेच त्यांचं जग. आकड्यांच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नाही, आणि म्हणूनच हा निकाल त्यांना सलत होता. मुलगी परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते हॉलवर आले ते हातात लांबोडकी वही घेऊन. स्क्रीनशॉटवरून पाचही कार्डं त्यांनी वहीत उतरवली होती, आणि प्रत्येक फेरीची ओळ आडवी मांडून शेवटी निकाल लिहिला होता: आपली हार, आपली जीत, आपली जीत.

मी त्यांच्याच पेनने त्या आकड्यांवर उभ्या रेघा मारल्या. प्रत्येक जजच्या तीन फेऱ्या एका रकान्यात. मग खाली प्रत्येक रकान्याची बेरीज. ते बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे प्रत्येक जज हा वेगळा खातेदार. एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर वळती करायची नाही."

इतक्या वर्षांत मला कोणाला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. लढतीत फेऱ्या मोजत नाहीत, खाती मोजतात. प्रत्येक जज आपल्यापुरती लढत संपवतो आणि आपला एक विजेता ठरवतो. पाचपैकी तीन खाती ज्याच्याकडे, तो जिंकला.

मग त्यांनी सवयीने सगळ्या आकड्यांची बेरीज केली. आपल्या मुलीचे १४२, समोरचीचे १४३. "एकाचा फरक," ते म्हणाले. "गाळ्यावर एका रुपयाचा फरक आला तरी आम्ही रात्री उठत नाही."

ही एकत्रित बेरीजही निकाल ठरवत नाही, हे त्यांना पुन्हा समजवावं लागलं. समजा, दोन जजांनी तिला ३०-२७ दिले असते आणि तिघांनी २८-२९. तर तिचे १४४ झाले असते, समोरचीचे १४१, आणि तरीही ती २-३ नेच हरली असती. दोन जजांनी भरभरून दिलेले गुण तिसऱ्याच्या कामी येत नाहीत. हे ऐकून ते अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या अस्वस्थतेत तथ्य आहे. पण नियम हा आहे आणि तो लढतीच्या आधी दोघींनाही माहीत होता.

त्यांना मी मेरी कोमची टोकियोतली लढत दाखवली. २९ जुलै २०२१, ५१ किलो गट, समोर कोलंबियाची इंग्रिट वॅलेन्सिया, जिला मेरीने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत हरवलं होतं. पहिली फेरी मेरीने १-४ अशी गमावली. दुसरी ३-२ जिंकली, तिसरीही ३-२ जिंकली, आणि लढत २-३ अशी हरली. निकाल लागला तेव्हाही आपणच जिंकलो असं वाटत होतं, हे तिने नंतर स्वतः सांगितलं. सहा वेळा जगज्जेती झालेली, लंडन ऑलिम्पिकचं पदक असलेली बॉक्सर जर रिंगमध्ये उभी राहून आडवी बेरीज करत असेल, तर दिवाणजींचं काय चुकलं? त्यांनी ती पाचही कार्डं वहीत उतरवली, उभी बेरीज केली आणि माझ्याकडे बघितलं. तिथेही १४२ आणि १४३ च होते.

पाच चिठ्ठ्या

हिशेब कळला. पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तसाच होता: पहिली फेरी पाचही जणांनी का दिली नाही? आणि तिसऱ्या फेरीत ते दोघं जज तिकडे का गेले?

हॉलमध्ये मतं तयार होती. पोरांनी लढत शंभरदा पाहिली होती, पण प्रत्येक वेळी आवाज लावून, आणि त्या आवाजात आपल्याच संघातल्या मुलींचं ओरडणं होतं. दुसऱ्या रविवारी आम्ही आवाज बंद करून लढत लावली. पाच जण बसले: मी, लष्करातून निवृत्त झालेले आमचे सुभेदारसाहेब, क्लबच्या दोन मुली, आणि एका छोट्या बॉक्सरची आई, जिला नियम फारसे ठाऊक नव्हते. तिला फक्त एवढं सांगितलं की बंद मुठीचा पुढचा भाग चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूला किंवा पट्ट्याच्या वर अंगावर बसला तरच तो ठोसा. बोलायचं नाही, हुंकार द्यायचा नाही. फेरी संपली की चिठ्ठीवर आकडे लिहून डब्यात टाकायचे.

पहिल्या फेरीच्या पाचही चिठ्ठ्या आमच्या मुलीच्या विरुद्ध निघाल्या. माझीही. हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या फेरीच्या पाचही तिच्या बाजूने. तिसरीच्या मात्र दोन तिच्या बाजूने आणि तीन विरुद्ध. म्हणजे आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच माणसांनी, तिला त्या परदेशी जजांपेक्षा तिसऱ्या फेरीत एक मत कमी दिलं. आमचं उभं गणित केलं तर तीही लढत २-३ नेच गेली.

त्या आईची चिठ्ठी आणि सुभेदारसाहेबांची चिठ्ठी तिन्ही फेऱ्यांत सारखी होती. तीस वर्षं रिंग पाहिलेला माणूस आणि पहिल्यांदाच लक्ष देऊन बघणारी बाई. स्वच्छ ठोसा कळायला फार विद्या लागत नाही, आवाज बंद ठेवायला लागतो.

आवाज

इथे माझी चूक लिहिली पाहिजे. आमचा हॉल जुना, पत्र्याचा. पॅडवर (सरावात प्रशिक्षक हातात धरतो ती गादी) सणसणीत हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला की आवाज छताला लागून परत येतो आणि पोरांना जोर चढतो. मीही वर्षानुवर्षं त्या आवाजाला दाद देत आलो. "वाजला पाहिजे!" हे माझं आवडतं वाक्य. त्याचा परिणाम त्या पहिल्या फेरीत दिसला. तिचे तीन मोठे डावे हुक बसले, तिन्ही ऐकू आले, आणि तिन्ही समोरचीच्या उजव्या ग्लोव्हवर किंवा दंडावर बसले होते. एक तर ग्लोव्हच्या आतल्या बाजूने, जवळपास चापटीसारखा. असा ठोसा कितीही वाजला तरी धरायचा नसतो.

समोरची मुलगी त्या वेळात काय करत होती? डावा पाय अर्धा इंच पुढे, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मागे. पुन्हा डावा पाय, जॅब, मागे. एकही ठोसा वाजत नव्हता. पण मी एक एक सेकंद थांबवून पाहिलं तेव्हा आमच्या मुलीचं डोकं प्रत्येक जॅबला जरासं मागे झुकत होतं. हेडगार्डच्या पट्ट्याखाली हनुवटी वर उचलली जात होती. जज डोळ्यांनी हेच टिपतो: ठोसा आवाज करतो का, ते नाही, तर डोकं हललं का. आमची मुलगी पहिलं दीड मिनिट अंदाज घेत होती, सरळ रेषेत मागे जात होती. अंदाज घेणं चूक नाही, पण तीन फेऱ्यांच्या लढतीत दीड मिनिट म्हणजे लढतीचा सहावा हिस्सा.

आमच्याकडच्या शहरी स्पर्धांत हे खपून जातं. पहिली फेरी गेली तरी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दम टिकवून ती समोरच्या मुलीला थकवते आणि लढत काढते. आंतरराष्ट्रीय पातळीवर समोरचीचा दमही तेवढाच असतो.

खुर्ची कुठे आहे

तिसऱ्या रविवारी आम्ही व्हिडिओ सोडून रिंगकडे वळलो. जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात, आणि एकाच लढतीत पाच वेगळ्या लढती दिसतात हे पोरांना सांगून पटत नव्हतं. आम्ही पाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या रिंगभोवती मांडल्या आणि दोन मुलींचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, लावलं.

दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला लाल हेडगार्डवालीने उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, टाकला. मी दक्षिणेच्या खुर्चीवर होतो, मला तिची पाठ दिसत होती. तिचा खांदा पूर्ण फिरला, हात पूर्ण सुटला, समोरची मागे गेली. माझ्या हिशेबात तो लख्ख बसला. समोरच्या बाजूने बसलेल्या सुभेदारसाहेबांनी नंतर सांगितलं की निळीने ग्लोव्ह गालाला चिकटवून तो पूर्ण अडवला आणि मागे गेली ती स्वतःच्या पायाने. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या मुलाला तर मध्ये रेफ्री आल्यामुळे काहीच दिसलं नव्हतं. ठोसा एक, साक्षीदार तीन, आणि तिघंही खरं बोलत होते.

त्या दिवसापासून मी "जजला दिसलं नाही का?" हे वाक्य बोलणं सोडलं आहे. कधी कधी त्याला खरंच दिसत नाही. म्हणूनच पाच जज लागतात. म्हणूनच जवळच्या फेरीत ३-२ येतं, आणि ते येणं म्हणजे आपोआप लबाडी नव्हे.

तक्रारीचं पत्र

आता अवघड भाग. क्लबच्या एका हितचिंतकांनी पत्र लिहून आणलं होतं. वर्तमानपत्रांना द्यायचं, संघटनेला पाठवायचं, सोशल मीडियावर टाकायचं. "पुण्याच्या कन्येवर अन्याय" असा मथळा. माणूस मनापासून तळमळणारा, क्लबच्या मुलांना दरवर्षी बूट घेऊन देणारा. त्यांच्याशी वाद घालताना मला त्रास झाला.

त्यांची शंका निराधार आहे असं कोणी म्हणू नये. हौशी बॉक्सिंगचा इतिहासच तसा आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत यजमान देशाच्या पार्क सी-हूनला ८६ ठोसे मारले आणि ३२ खाल्ले, तरी ३-२ ने पार्क जिंकला. त्या लढतीनंतरच बटणांची पद्धत आली: पाच जजांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत एकाच रंगाचं बटण दाबलं तरच गुण. बार्सिलोनापासून लंडनपर्यंत, १९९२ ते २०१२, ऑलिम्पिकची पदकं अशी बटणांवर ठरली. विजेंदरचं बीजिंगचं कांस्यही त्याच काळातलं. ऑक्टोबर २००८ मध्ये बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा मी गॅलरीत बसून बॉक्सिंग पाहिलं होतं. तेव्हाची पोरं शिवून पळायची, कारण अंगावरच्या ठोशाला तिघांचं बटण एका सेकंदात क्वचितच पडायचं. पोटावर कितीही मारा, गुण चेहऱ्यावरच मिळायचा. म्हणून २०१३ मध्ये ती पद्धत काढून १० गुणांची पद्धत आणली.

त्यानंतर रिओ आलं, २०१६. तिथे संगणकाने निवडलेल्या तीनच जजांचे गुण धरले जायचे, आणि काही निकाल इतके वादग्रस्त ठरले की स्पर्धेनंतर तिथले ३६ च्या ३६ रेफ्री-जज बाजूला ठेवावे लागले. २०२१ मध्ये मॅकलॅरेन यांच्या स्वतंत्र चौकशीने लढतींचे निकाल फिरवण्याची यंत्रणाच तिथे होती असं सांगितलं. जागतिक संघटनेची मान्यता ऑलिम्पिक समितीने आधी २०१९ मध्ये स्थगित केली आणि २०२३ मध्ये काढूनच घेतली. नवीन संघटनेला, वर्ल्ड बॉक्सिंगला, २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली तेव्हा कुठे लॉस एंजेलिस २०२८ मध्ये बॉक्सिंग राहणार हे पक्कं झालं. एवढं सगळं घडलेल्या खेळात शंका घेणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही.

आपली सरिता देवी आठवा. २०१४, इंचॉन, आशियाई स्पर्धेची उपांत्य लढत, समोर यजमान देशाची पार्क जी-ना. निकाल विरुद्ध गेला, तक्रार फेटाळली गेली, आणि पदक समारंभात सरिताने रडत आपलं कांस्य पार्कच्याच गळ्यात घातलं. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. ती लढत मी पाहिली आहे आणि तिचा राग मला आजही रास्त वाटतो.

पण रास्त राग आणि सवयीचा राग यांतला फरक दाखवणारं काहीतरी हातात असायला हवं. आमच्या हातात काय होतं? पाच चिठ्ठ्या, आणि त्या जजांच्या बाजूने. पहिल्या फेरीवर पाचही जजांचं एकमत, आणि आमचंही एकमत. जवळच्या तिसऱ्या फेरीत फूट, आणि आमच्यातही फूट. एकाही जजचं कार्ड इतरांपासून तुटलेलं नाही, पाचही कार्डं २९-२८. कोणी एकाने मधेच १०-८ घुसडलेलं नाही. संशय घ्यायचा तर अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शिवाय निकालावर हरकत घ्यायची ती लढतीनंतर तिथल्या तिथे, संघाच्या व्यवस्थापनाने. पुण्यातून आठवड्यानंतर पाठवलेल्या पत्राने एकही कार्ड बदलत नाही. बदलतं ते एवढंच की सतरा वर्षांच्या मुलीला आपली पहिली फेरी बघायची गरज वाटेनाशी होते.

मी हे सगळं त्या गृहस्थांना चिठ्ठ्या दाखवून सांगितलं. पत्र पाठवायचं की नाही हे मुलीने ठरवावं असं शेवटी ठरलं. तिने पत्र पूर्ण वाचलं, घडी घालून त्यांना परत दिलं आणि म्हणाली, "काका, थांबा. सर, मला फर्स्ट राउंड परत लावून द्या."

शेवटची चाळीस सेकंदं

पहिली फेरी तिने चार वेळा पाहिली. मग तिसरी.

दुसऱ्या फेरीनंतर पडद्यावर काय होतं ते बघा. चार जजांकडे १९-१९. पाचव्याकडे १८-२०. म्हणजे पाचव्या जजचं खातं जवळपास बंद झालेलं. तिथे तिसऱ्या फेरीत १०-९ मिळाले तरी २८-२९ च होणार होते. १०-८ मिळाले असते तर बरोबरी झाली असती आणि त्या जजला कोणीतरी एक विजेती निवडावीच लागली असती, पण जवळच्या लढतीत १०-८ ची आशा कोणी करत नाही. तेव्हा उरलेल्या चौघांपैकी तिघं हवे होते. तिला दोघं मिळाले, आणि वर पाचव्या जजने तिसरी फेरी तिलाच दिली, जी कुठेच उपयोगी पडली नाही.

"मला वाटलं मी पुढे आहे," ती म्हणाली. "दुसरा राउंड चार-एक आला ना, मला वाटलं आता फक्त सांभाळायचं." तीही आडवी बेरीज करत होती. शेवटची चाळीस सेकंदं तिने सांभाळण्यात घालवली. समोरची आत आली की मिठी मारायची, रेफ्रीने सोडवायचं, पुन्हा मिठी. रेफ्रीने एकदा समजही दिली. त्या समजेने गुण कापला जात नाही, पण पाचही जजांच्या डोळ्यांसमोर शेवटचं चित्र ते राहतं: एक पुढे येते आहे, दुसरी धरून ठेवते आहे.

कोपऱ्यातून तिला काय सांगितलं गेलं ते मला माहीत नाही आणि तिथल्या प्रशिक्षकांवर मी काही लादणार नाही. मध्ये फक्त एक मिनिट असतं, त्यात पाणी, श्वास, नाक पुसणं, आणि पाच खात्यांचा हिशेब. तो हिशेब बॉक्सरला आधीपासून तोंडपाठ असला तर कोपऱ्यातून "चार ठिकाणी बरोबरी" एवढे तीन शब्द पुरतात. तिला तो तोंडपाठ नव्हता, कारण मी कधी शिकवला नव्हता.

तिसऱ्या फेरीबद्दल सुभेदारसाहेबांचं आणि माझं आजही जमत नाही. माझी चिठ्ठी तिच्या विरुद्ध होती, त्यांची तिच्या बाजूने. ते म्हणतात, पहिल्या दोन मिनिटांत तिने अंगावर मारलेले ठोसे मी मोजलेच नाहीत. मी पुन्हा पाहिलं. काही मी खरंच सोडले होते. तरीही मी चिठ्ठी बदललेली नाही.

आता काय करतो

दर रविवारी स्पारिंगला पाच खुर्च्या असतात. पॅडवर "वाजला पाहिजे" बंद. त्याऐवजी मी पॅड तळहाताएवढा उघडा धरतो आणि ठोसा मुठीच्या पुढच्या भागाने मधोमध बसला तरच "हो" म्हणतो. पहिल्या फेरीचा वेगळा सराव: घंटा वाजल्यापासून पंधरा सेकंदांत पहिला जॅब बसलाच पाहिजे, आणि सरळ मागे दोन पावलांपेक्षा जास्त जायचं नाही, बाजूला वळायचं. फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात मी पाच कार्डं ओरडून सांगतो आणि बॉक्सरने सांगायचं: किती खाती बंद, किती उघडी, किती हवीत. सुरुवातीला पोरं गोंधळायची. आता आठवीतला मुलगाही झटकन सांगतो.

तिच्या मोबाइलवर आता जास्मिन लंबोरियाची लिव्हरपूलची अंतिम लढत आहे, सप्टेंबर २०२५, तिच्याच ५७ किलो गटाची. पॅरिसमध्ये रौप्य मिळवलेल्या पोलंडच्या युलिया शेरेमेटाला जास्मिनने तिथे ४-१ ने हरवून जागतिक सुवर्ण जिंकलं. ती लढत ती आवाज बंद करून बघते आणि फेरी संपली की वहीत आकडे लिहिते. वही वडिलांनी दिलेली, मार्केट यार्डातली, लाल पुठ्ठ्याची. रकाने उभे आखलेले.

पाचव्या रविवारी एक खुर्ची रिकामी होती, म्हणून वडिलांनाच बसवलं. तिचं स्पारिंग एका वरच्या वजनाच्या मुलीशी होतं. पहिली फेरी संपल्यावर डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. तीन तिच्या, दोन विरुद्ध. विरुद्ध गेलेल्यांपैकी एक चिठ्ठी निळ्या शाईची, आकड्यांखाली दुहेरी रेघ मारलेली, गाळ्यावर बेरजेखाली मारतात तशी. तिने ती ओळखली. पाण्याची बाटली खाली ठेवून तिने दोरांवरून वाकून विचारलं, "पप्पा, कुठे गेला?"

"शेवटी हात खाली आला तुझा," ते म्हणाले. "दोनदा."

तिने मान हलवली, माउथगार्ड तोंडात बसवला आणि दुसऱ्या फेरीसाठी मधोमध गेली.